खिशातली किल्ली

दोन बाह्या. एक डावी, एक उजवी. त्या शिवून होईपर्यंत खालचं इंजिन चालू होतं.

*

डिझेल पिकअप विकणे आहे. एकहाती वापर. टायर नवीन. समक्ष भेटा.

*

भिंतीत एक खिळा. त्यावर एकच वस्तू टांगायची, असा वीस वर्षांचा नियम.

*

"गिअरमध्ये असलेल्या गाडीची किल्ली क्लच न दाबता फिरवली की गाडी बेडकासारखी उडी मारते." ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या भाऊजींनी हे त्या दिवशी सकाळी एकाच शिकाऊ बाईंना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा उडीनंतर.

*

वहीतली ओळ, पेन्सिलीने: "इंजिन थंड. सुरू व्हायला वेळ. पांढरा धूर. आता खालून." पुढचं पान फाडलेलं.

*

सकाळचे अकरा वाजले होते. वहिनींच्या ऑफिसात आलेल्या तरुणीच्या हातात हॉस्पिटलची प्लॅस्टिकची पिशवी होती. बसा म्हटल्यावर ती बसली, पण पिशवी मांडीवरच राहिली.

वहिनी खाजगी तपास करत. त्याआधी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. सकाळी ड्रायव्हिंग शिकवायचे आणि दुपारी वहिनींच्या मागे फिरायचे. शेंबूडही पुसता न येणाऱ्या मुलाला सांभाळावं तसं त्या आपल्याला सांभाळतात, अशी त्यांची तक्रार होती. वहिनींनी ती कधी खोडली नव्हती.

तरुणीने थोडक्यात सांगितलं. तिचे वडील जुन्या डिझेल गाड्यांचे पारखी. गाडी घेण्याआधी लोक त्यांना नेऊन दाखवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. तिच्या नवऱ्याची रोपवाटिका होती आणि रोपं पोचवायला त्याला पिकअप हवी होती. आज सकाळी सहाला सासरे-जावई एका फर्निचरवाल्याच्या आवारात गाडी बघायला गेले. पावणेसातला गाडी जॅकवरून निसटली. मास्तर खाली होते.

जॅक जावयाचा होता. लावलाही त्यानेच. मास्तरांनी त्याला आधाराचे लाकडी ठोकळे आणायला रोपवाटिकेत पाठवलं, तेवढ्यात हे झालं. सासऱ्यांचं आणि त्याचं फारसं पटत नसे, हे शेजाऱ्यांनी पोलिसांना न विचारता सांगून टाकलं. आता तो चौकीत होता.

"वडील कसे आहेत?" भाऊजींनी विचारलं.

"हॉस्पिटलमध्येच आहेत." तिने पिशवी पुढे केली. "मला आधी ह्यांना सोडवायचंय."

वहिनींनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण काही विचारलं नाही. पिशवी उघडली. शर्ट, वही आणि एक किल्ली.

मास्तरांच्या काही सवयी सगळ्या धंद्याला माहीत होत्या. आधी इंजिनावर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर गाडी न बघताच घरी. डिझेल गाडीचं खरंखोटं थंड असतानाच कळतं. गाडीखाली जाताना हँडब्रेकवर भरवसा नाही, पहिला गिअर टाकायचा. आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात. शेवटी पातळ कागद चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, धरून पेन्सिल घासायची आणि कोरलेल्या नंबराचा छाप घ्यायचा. असे छाप चिकटवलेल्या वह्या घरी कपाटभर होत्या.

वहिनींनी किल्लीच्या दातांवरून अंगठा फिरवला. "पोलिसांनी ही ठेवून नाही घेतली?"

"खिशात होती एवढं लिहून घेतलं. किल्ली खिशात म्हणजे गाडी कुणी हलवली नाही, असं म्हणाले. जॅकच नीट लावला नाही म्हणे."

वहिनींनी फौजदारांना फोन लावला. ओळखीचे होते. संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणाले, पण कलम आता जड लागणार, तेव्हा हात जरा लवकर हलवा.

*

मालक. फर्निचरवाला, पन्नाशीचा, बोलणं सनमायकासारखं गुळगुळीत. मास्तर म्हणजे देवमाणूस, असं त्याने चार वेळा सांगितलं. घर आवारालाच लागून. ऑफिसचं कुलूप सकाळी त्यानेच उघडलं, मग आंघोळीला गेला. आरडाओरडा ऐकून ओल्या अंगाने धावत आला. गाडीची किल्ली एकच. दुसरी दोन वर्षांपूर्वी हरवली.

*

दलाल. डोळ्यांवर एक चष्मा, कपाळावर दुसरा, म्हणून नावच चष्मा. मालकांनी किल्ली त्याच्या हातात दिली, त्याने ती मास्तरांना दिली. गाडी सुरू होऊन बंद झाल्यावर तो कोपऱ्यावर चहाला गेला. चहावाल्याने दुजोरा दिला: धप्प आवाज झाला तेव्हा हा इथेच होता, अर्धा कप टाकून पळाला.

वहिनी निघताना त्याला काहीतरी आठवलं. आदल्या संध्याकाळी मास्तरांना गाडीचा नंबर सांगितला, तर फोनवर ते गप्प झाले. मग म्हणाले, हा नंबर मी एकदा भंगारात काढलाय बहुतेक. येतो, खालून बघतो आणि मग बोलतो.

"हे तू मालकांना सांगितलंस?"

"लगेच. आम्ही हसलो. म्हातारपण, दुसरं काय."

*

वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई. इंजिन आधी बराच वेळ कुंथलं, मग सुरू झालं, दोन बाह्या होईपर्यंत चाललं आणि बंद झालं. मग जॅकची करकर. मग शांतता. मग पुन्हा इंजिन, पण क्षणभरच. पोलीस म्हणाले, तो पडण्याचाच आवाज.

"आधी घर्र, मग धप्प," ती म्हणाली. "उलटं नाही. मी डोळ्यांनी शिवते हो. कान मोकळेच असतात."

*

ड्रायव्हर. सहा ते साडेसात आईला घेऊन दवाखान्यात होता. तिथल्या वहीत तशी नोंद सापडली. गाडी नऊ वर्षं त्याच्या हातात. काल संध्याकाळी किल्ली नेहमीसारखी ऑफिसातल्या खिळ्याला अडकवून घरी गेला.

भाऊजींनी सहज विचारलं की गाडी चालायला कशी आहे. तो म्हणाला, गाडी चांगली, पण नवीन माणसाला सुरूच करता येणार नाही. किल्लीचे दात झिजलेत; थोडी बाहेर ओढून, हलवून फिरवावी लागते. आठला तो आला तेव्हा किल्ली खिळ्यावर होती, पण आवारात पोलीस. गाडी नेणार कुठे?

भाऊजींनी वहीत लिहिलं: उपयोगाचं काही नाही.

*

गाडी अजून तशीच होती, पुढचं एक चाक वाकडं टेकलेलं. गिअर पहिलाच. वहिनींनी वाकून बघितलं. भाऊजीही वाकले आणि त्यांच्या पिशवीतली पाण्याची बाटली निसटली. ती गाडीखालून घरंगळत मागच्या गटारापर्यंत गेली.

"उठा भाऊजी. तुमच्याकडून एवढं काम पुष्कळ झालं."

"टोमणा कळला."

"टोमणा नाही. जॅक कुठे राहिलाय?"

"मागच्या बाजूला."

"म्हणजे गाडी कुठे सरकली?"

"पुढे," भाऊजी म्हणाले आणि बाटली आणायला गेले.

गाडीखाली पेन्सिल सापडली. कागद सापडला नाही.

*

पाच वाजता सगळे आवारात होते. फौजदारांनी जावयालाही आणलं होतं. त्याने बायकोकडे बघून ओठ हलवले. फौजदार त्याला काही सांगणार होते. तिने नकाराची मान हलवली आणि ते थांबले.

वहिनी बोलायला उभ्या राहिल्या नाहीत. गाडीच्या पायरीवर बसूनच बोलल्या.

"आवाराचा उतार मागे गटाराकडे आहे. जॅक नुसता निसटला असता तर गाडी जागेवर बसली असती, नाहीतर मागे आली असती. ती पुढे गेलीय, चढावर. गाडी आपण होऊन चढत नाही."

फौजदार म्हणाले, किल्ली तर खिशात होती.

"एक किल्ली." वहिनींनी पिशवीतली किल्ली काढून दाखवली. "हिचे दात बघा. ब्लेडसारखे. नऊ वर्षं रोज फिरलेली किल्ली झिजलेली आहे, ड्रायव्हरने सांगितलं. आणि ती त्याने आठ वाजता त्या खिळ्यावर पाहिली. आठ वाजता ही किल्ली कुठे होती?"

"हॉस्पिटलमध्ये," तरुणी म्हणाली.

"म्हणजे दोन किल्ल्या. हरवलेली दुसरी हरवली नव्हतीच. कोरी किल्ली मास्तरांना दिली आणि झिजलेली ठेवून घेतली. ऑफिस उघडणारा एकच, किल्ली हातात देणाराही तोच."

मालक हसला. आपण आंघोळीला होतो, याची त्याने आठवण करून दिली.

"मास्तर खाली जाताना किल्ली खिशात ठेवतात, हे सगळ्या धंद्याला माहीत. त्यांच्या खिशातली किल्ली बघून कोणीही म्हणणार, गाडी कुणी सुरू केलीच नाही. तुम्ही त्याच भरवशावर होतात. जावई ठोकळ्यांना गेला, दलाल चहाला. तुम्ही दार उघडून किल्ली फिरवलीत. पहिला गिअर. क्लच दाबला नाहीत. भाऊजी, मग काय होतं?"

"बेडूक," भाऊजी म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मग मास्तरांच्या हाताजवळचा कागद उचललात. आणि ऑफिसात येऊन किल्ली खिळ्याला अडकवलीत. वीस वर्षांची सवय. हाताने डोक्याला विचारलंच नाही."

मालकाने घाम पुसला. "मला वाटलं ते बाहेर आहेत. गाडी बाजूला घ्यायची होती."

"जॅकवरची?"

शिवणयंत्र वरती थांबलं होतं.

मग वहिनींनी तरुणीला खूण केली. तिने घरून आणलेली एक जुनी वही उघडली. सात वर्षांपूर्वीची तारीख, याच पिकअपचा नंबर, शेरा: "आगीत जळाली. चासी वाकलेली. भंगार." खाली पेन्सिलीचा छाप. भाऊजींनी तासाभरापूर्वी गाडीखाली झोपून घेतलेला छाप वहिनींनी त्याच्या शेजारी धरला. आकडे तेच होते. पण जुन्या छापातला तीनचा आकडा गोल होता, नव्यातला टोकदार. दोन आकडे ओळीखाली घसरलेले.

"तुमची मूळ गाडी जळाली. तिचे कागद जपून ठेवलेत आणि तिचा नंबर चोरीच्या चासीवर ठोकलात. गाडी कोणालाही विकता आली असती. पण मास्तरांना नंबर आठवला होता. सौदा मोडला असता तरी ते त्या नंबराचा माग काढतच राहिले असते."

ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला, "नऊ वर्षं म्हणालो खरा मी. पण सात वर्षांपूर्वी मालकांनी ती दोन महिने रंगाला दिली होती. परत आली तेव्हा सीट वेगळी वाटली. मी म्हटलं, नवीन कव्हर असेल. किल्ली तीच लागत होती ना."

"कुलूप जुनंच बसवलं असणार," वहिनी म्हणाल्या. "म्हणून जुन्या किल्ल्याही चालल्या. दोन्ही."

मालक खाली बसला. फौजदारांनी त्याला दंड धरून उठवलं आणि हवालदाराला ऑफिसची झडती घ्यायला पाठवलं. खिळा आता रिकामा होता; झिजलेली किल्ली टेबलाच्या खणात सापडली.

जावयाला मोकळं केलं तेव्हा त्याने आधी मनगटं चोळली, मग बायकोकडे आला. सकाळपासून मनात एकच होतं, तो म्हणाला. जॅक मी दोनदा हलवून बघितला होता. दोनदा. तुझ्या बाबांना सांग ना तू. माझ्यावर विश्वास नाही बसायचा त्यांचा.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. तिने त्याचा हात धरला आणि त्याला फाटकाकडे नेलं.

भाऊजी मागून हाक मारणार होते, हॉस्पिटलपर्यंत सोडतो म्हणून. वहिनींनी त्यांच्या बाहीला धरून त्यांना थांबवलं.

मास्तर सकाळी साडेदहाला गेले होते.