गाळलेली ओळ

त्या शनिवारी गुनवोर घरातून निघाली ती खादाडांना खायला घालायला. पंधरा दिवसांतून एकदा त्यांना कॉड माशाचा तुकडा द्यावा लागे, आणि सुट्टीच्या दिवशी दुसरं कोण येणार, म्हणून ते काम तिच्याच गळ्यात पडलेलं. जून लागला होता. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, ट्रोम्सोत, सूर्य तीन आठवडे मावळलाच नव्हता आणि माणसं झोप विसरून रस्त्यावर हिंडत होती. धक्क्याला कोळंबीची होडी लागली होती. लोक कठड्यावर बसून उकडलेली कोळंबी सोलत होते आणि टरफलं खाली पाण्यात टाकत होते.

"गुनवोर, घे की थोडी," होडीवरचा म्हातारा उल्रिक पिशवी पुढे करत म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्यानं पिशवी मुकाट्यानं खाली ठेवली.

ज्या घरातला माणूस पाण्यातच राहिला, त्या घरात कवचातलं काही शिजत नाही. इकडची जुनी रीत आहे. गुनवोर शिकलेली बाई, तिचा आयुष्यभराचा अभ्यासच मुळी कवचवाल्या जीवांचा. असल्या रीतींना ती हसायची. पण योस्टाइन गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं होत आली, तिनंही कोळंबी तोंडात घातली नव्हती. घासच उतरत नव्हता, खरं सांगायचं तर.

योस्टाइन तिचा नवरा. संशोधनाच्या जहाजावर सापळे सोडायचं काम त्याचं. पार वर उत्तरेला, बर्फाच्या कडेला, अडीच हजार मीटर खोल पाण्यात सापळे जायचे आणि त्यांत सापडायचे ते हे खादाड. नाव त्यानंच ठेवलेलं. कोळंबीच्या कुळातले, पण बसक्या अंगाचे, वाकड्या पाठीचे, अंगठ्याएवढे, फिकट तांबूस. तळाशी मेलेला सील पडला तर दोन दिवसांत नुसती हाडं ठेवतात. त्या ऑक्टोबरात गुनवोरही जहाजावर होती आणि वारा वाढला होता. योस्टाइन म्हणाला होता, "आज पुरे, गुन्ना." ती म्हणाली होती, "एकच राहिलाय रे, पाच मिनिटांचं काम." त्या शेवटच्या सापळ्याची दोरी त्याच्या पायात गुंतली. गुनवोरनं त्याचा हात धरला, पण ओला हातमोजा तिच्या हातात राहिला आणि तो गेला. निदान सगळ्यांना तिनं तसं सांगितलं होतं.

प्रयोगशाळेतल्या शीतखोलीचं जाड दार तिनं ओढलं. आत दोन अंश, आणि अंधार. या जीवांना उजेड सोसत नाही, म्हणून आत फक्त एक तांबडा दिवा, तोही एवढासा. बाहेरच्या लख्ख उन्हातून आल्यामुळे तिला काही क्षण काहीच दिसेना. पंपाची घरघर ऐकू येत होती. खारट, थंड, जरा कुजका वास नेहमीचाच होता. पण त्याच्या खाली आज आणखी एक वास होता.

डांबराचा. डांबर लावलेल्या सुतळीचा. योस्टाइनच्या हातांना यायचा तसा.

तिनं बोटातली अंगठी चाचपली. ती इतकी सैल झाली होती की आतून दोरा गुंडाळावा लागला होता. टिक... टिक टिक... काचेवर बारीक नखं वाजावीत तसा आवाज येऊ लागला. ती टाकीजवळ गेली. सगळे खादाड अलीकडच्या काचेला चिकटले होते. पाण्याचा झोत याच बाजूला असेल, ती स्वतःशी म्हणाली आणि टाकीला वळसा घालून पलीकडे गेली. आवाज थांबला. मग एकेक करत सगळे पलीकडे आले.

कॉडचा तुकडा तिनं पाण्यात सोडला. तो तळाला जाऊन बसला. त्याच्याकडे एकही फिरकला नाही.

ती बाहेर आली तेव्हा सिवर्त प्रयोगशाळेत वाट पाहत होता. डीएनएचं यंत्र त्याच्या ताब्यात, आणि एरवी तोंडाचा भारी फटकळ. तिला बघितलं की काहीतरी टोमणा ठरलेला. आज मात्र नुसतं "कॉफी घे" म्हणाला.

"निकाल आला?"

"आधी बस. केवढी वाळलीस तू. घरात चूल पेटते का काही?"

"सिवर्त."

काय झालं होतं, तेवढं सांगायला हवं. सापळ्यातलं आमिष बारीक जाळीत बांधलेलं असतं. वास येतो, खाता येत नाही. त्यामुळे खादाडाच्या पोटात जे सापडतं ते त्यानं तळाशीच खाल्लेलं असतं. त्याचा डीएनए काढला की यादी येते: सील, कॉड, देवमासा. त्या यादीत माणसाची एक ओळ नेहमी असते, कारण काम करणाऱ्यांच्या हातांचं, श्वासाचं काहीबाही मिसळतंच. म्हणून माणसाची ओळ वाचायचीच नाही, यंत्रानं ती आपोआप गाळायची. हा नियम आठ वर्षांपूर्वी गुनवोरनंच घालून दिला होता. गेल्या महिन्यात सिवर्तनं सहज ती गाळलेली ओळ उघडून पाहिली, तर ती कॉडच्या ओळीहून मोठी निघाली.

आणि हे खादाड होते योस्टाइन बुडाला त्याच जागेचे, काही टाकीत जिवंत ठेवलेले, बत्तीस स्पिरिटच्या बरण्यांत.

गुनवोरनं त्या दिवशी कुणालाही न विचारता घरी जाऊन योस्टाइनचा वस्तरा आणला, त्यावरचा डीएनए जुळवून बघायला. पडताळ्याला स्वतःच्या आणि सिवर्तच्या गालाचा नमुना दिला. तिला फक्त एवढं हवं होतं, की पेत्राच्या हातात काहीतरी ठेवता यावं. पेत्रा म्हणजे योस्टाइनची आई. एक्याऐंशी वर्षांची, बेटावर एकटी, फुप्फुसात पाणी साठत चाललेलं. चर्चच्या आवारात तिनं लेकाच्या नावाचा दगड बसवला होता, पण खाली काहीच नव्हतं. "माझ्याआधी त्याला मातीत ठेव," एवढंच ती फोनवर म्हणायची. "मग मी सुखानं जाते."

"योस्टाइन नाही तो," सिवर्त म्हणाला. "बाईचा आहे."

"कुणाचा?"

त्यानं एक कागद तिच्यापुढे ठेवला. "तुझा."

गुनवोरला हसू आलं. "मग माझाच हात लागला असणार. एवढं घाबरतोस काय?"

"सप्टेंबरात दुसऱ्याच लोकांनी पकडले हे. तू जहाजावर नव्हतीस. बरण्या सीलबंद आल्या, मी उघडल्या, पोटं मी फाडली. काहीच न घातलेला कोरा नमुनाही लावला होता, तो स्वच्छ आला." त्याचा आवाज खाली गेला. "तू यातल्या एकाही बरणीला हात लावलेला नाहीस, गुनवोर. आणि एकात नाही... बत्तीसच्या बत्तीसांत आहे."

"टाकीतल्यांचं बघ. ते तर नऊ महिने माझ्याच हातचं कॉड..."

"बघितलं." त्यानं दुसरा कागद पुढे सरकवला. "मे महिन्यात एक टाकीतला घेतला. कॉड नाहीच त्याच्या पोटात. काहीच नाही दुसरं. फक्त..."

गुनवोरनं कागद हातात घेतला. तिला आठवलं ते सिवर्तला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. हातमोजा निसटला नव्हता. योस्टाइन ओरडला होता, "सोडू नकोस." सापळ्याचं वजन दोघांना ओढत होतं, ती कमरेपर्यंत कठड्याबाहेर गेली होती, आणि तिनं आपली बोटं उघडली होती. स्वतःहून, एकेक करून. निदान तिला ते तसं आठवत होतं. आपण खरंच वर राहिलो का, याची आज पहिल्यांदाच तिला खात्री वाटेना.

फोन वाजला. पेत्रा होती.

"सापडला का गं?"

गुनवोरनं डोळे मिटले. नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. पलीकडून म्हातारीचा घरघरता श्वास येत होता.

"हो," ती म्हणाली. "सापडला."

सिवर्तनं कपाळाला हात लावला, पण बत्तीसही खादाड एका काचेच्या बरणीत भरून तिच्या पिशवीत ठेवायला तोच पुढे आला.

सोमवारी सकाळी ती फेरीबोटीनं बेटावर पोचली. पेत्रा काळा कोट घालून धक्क्यावर येऊन उभी होती, काठीला रेलून. पाद्री समजूतदार होता, त्यानं बरणीकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. चर्चच्या आवारात ऊन पडलं होतं, वारा मुळीच नव्हता. दगडाशेजारी कोपरभर खड्डा खणून ठेवला होता. पेत्रानं बरणी दोन्ही हातांत घेतली, छातीशी धरली आणि झाकणाला नाक लावलं.

"डांबराचा वास येतोय," ती म्हणाली. "तोच आहे. आईला कळतं." मग ती रडली, बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्यासारखी शांतपणे. ते बघून गुनवोरला वाटलं, खोटं बोलले ते बरं केलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी बरं केल्यासारखं वाटलं.

पाद्रीनं बरणी खड्ड्यात ठेवली. गुनवोर मूठभर माती घ्यायला वाकली, आणि दोऱ्यासकट अंगठी बोटातून निसटून बरणीशेजारी पडली. ती काढायला तिनं हात घातला आणि तसाच ठेवला.

पोटं फाडलेले, नऊ महिने स्पिरिटमध्ये मेलेले ते बत्तीस जीव तिच्या बाजूच्या काचेला चिकटून उभे होते.

ती उठली. खड्ड्याला वळसा घालून पेत्राच्या बाजूला येऊन उभी राहिली. टिक... टिक टिक...

पेत्रा खाली वाकून बघत होती. तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हसू आलं.

"बघ, इकडे आला," ती कौतुकानं म्हणाली. "मेला तरी तुझा हात सोडत नाही, पोरी." तिनं दगडावर योस्टाइनच्या नावाखाली मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा हातानं पुसली. "ही तुझी. फार दिवस रिकामी राहायची नाही."