यादोकाकाचा विळा अन् विधानसभेची गॅलरी

खोटं वाटत असन तर अड्याळच्या टेकचंदले विचारा. शिपाई काय बोलला, ते त्यानंही ऐकलं होतं.

जन्मभर मी लोकाईच्या खोड्या काढल्या. गावात माझ्यावर कोणी भरोसा ठेवत नाही. पण हे खरं हाय.

डिसेंबर १९८४. भर दुपार. नागपूरची विधानसभा.

टेकचंद माझा जोडीदार. त्याचा बाप यादोकाका त्याच साली आषाढात, आखाडीच्या सणाले वारला. त्याचा विळा घरात खुटीवर टांगून होता, मुठीले तांब्याचा तार गुंडाळलेला. टेकचंदची माय रुखमाकाकू त्याले कोणाले हात लावू देत नव्हती.

आम्हाले अधिवेशन पाहाचे पास भेटले. सकाळी निघतानी तो विळा मी गुपचूप टेकचंदच्या पिशवीत टाकला. पोह्याच्या पुडीखाली.

दरवाज्यावर शिपाई विळा काढन, टेकचंद ततपप करन, मी हासन. एवढीच मजा.

रांगेत शिपाई समोरच्याले सांगून राहिला होता, "वर गॅलरीतून नुसतं ओरडलं तरी सभागृह जेलात टाकते. हत्यार सापडलं तं घर विसराच."

मी टेकचंदची बाही ओढली.

टेकचंदचं धान कापून वावरातल्या बांधीत पडलं होतं. घरी एकटी माय.

"टेक्या, चाल वापस."

"काहून बे? पोट दुखते का?"

तोपर्यंत शिपायानं पिशवी उलटी केली...

पुडी पडली. दुपट्टा पडला.

विळा नव्हता.

पिशवी बाहेर ठेवून आम्ही वर गॅलरीत बसलो. टेकचंद एक खुर्ची सोडून बसला होता.

"मधात जागा कायले सोडली बे?" मी हळूच म्हटलं.

"मी कुठं सोडली? तूच सोडली."

थंडी वाजून राहिली होती. मी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला...

गार लोखंड.

बोट फिरवलं. तांब्याचा तार.

खाली मंत्री बोलून राहिला होता. मी हललो नाही. आता जेलात मी जाणार होतो.

अन् तेवढ्यात मागचा एक माणूस उठला. ओरडला. खाली कागदं फेकली. शिपाई धावले, त्याले ओढत नेलं. मंग आमची अख्खी रांग उभी केली. एकेकाले तपासून राहिले होते.

माझा नंबर आला.

शिपायाचा हात कोटात गेला...

रिकामा बाहेर आला.

"तुमच्या मधातला म्हातारा कुठं गेला?" त्यानं विचारलं.

"आम्ही दोघंच हाओ साहेब," टेकचंद म्हणे.

"धोतरवाला. आताच तं होता." शिपायानं माझ्याकडं बोट दाखवलं. "याच्या कोटात हात घालून बसला होता."



अड्याळले पोचलो तं रुखमाकाकू दारातच उभी.

"टेकू, विळा कोणी नेला होता? दिवसभर खुटीवर नव्हता. आता दिवा लावाले गेली, तं हाय."

ती टेकचंदशी बोलत होती. पाहत होती माझ्याकडं.

मी हासाचा प्रयत्न केला. जमलं नाही.

तो कोट अजून पेटीत हाय. दर डिसेंबरात काढतो. आतल्या खिशात धानाची एक काडी निघते... ओली, आताच कापल्यासारखी.

मी वावर विकून पंधरा वर्षं झाली.

टेकचंद, तुले हे कधी सांगितलं नाही. विळा तुझ्या पिशवीत मीच टाकला होता.

तुझ्या बापाले त्याच दिवशी समजलं होतं.