चाफ्याचं पाणी

अरे ऐक ना, चहा राहू दे, आधी ऐक! आमच्या वरच्या मजल्यावरचे आसारामकाका, सुप्याच्या कंपनीतले... परवा त्यांच्यासोबत जे झालं ना, खोटं वाटेल. मला त्यांनी जिन्यात बसून सांगितलं. हळू बोल फक्त, काकूंना ऐकू जायला नको.

भिंगारच्या अलीकडं टेकडीवर ते गार्डन आहे बघ, झोकेबिके असलेलं? तिथं पूर्वी दगावलेली तान्ही बाळं पुरायचे. काकांची लेक पूजा पण तिथंच. नऊ महिन्यांची होती. खड्डा काकांच्या दोस्तानं, वाल्मिकनं खणलेला. पुढं गार्डनचं काम निघालं, जेसीबीनं अख्खी टेकडी उकरली, सगळ्या खुणा गेल्या. आणि मुकादम कोण? हाच वाल्मिक! "तुझ्या लेकीची जागा मी हलू देनार न्हाई," म्हणाला आणि तिथं चाफा लावून दिला. तेव्हापासून काका रोज त्या चाफ्याला पाणी घालतात. आपल्याकडं दिवसाआड नळ, तरी शुभांगीकाकू आधी चाफ्याचा कॅन भरणार, मग पिण्याचं.

परवा सर्वपित्री अमावस्या. कंपनीची बस उशिरा आली, नऊ वाजून गेलेले, त्यात लाईट गेलेली. वाल्मिक आता तिथंच राखणीला असतो. त्यानं गेट उघडलं.

"आसाराम, झाड हाय का म्हैस? किती पाजशील?"

"लेकरू हाय. पिऊ दे की," काका हसले.

अर्धा कॅन ओतला. मोबाईलचा टॉर्च मारला तर माती कोरडी. थेंब नाही.

वर चढावर करकर झाली... झोका हलत होता. वारा नव्हता.

काका वर गेले. झोक्याखालची माती ओली. खाली आले. उरलेलं पाणी चाफ्याला ओतलं. टॉर्च वर फिरवला...

पाणी वर निघत होतं. झोक्याखाली. उतार असून खाली येत नव्हतं. पाळण्याएवढ्या जागेत... तिथंच.

"वाल्मिक..."

तो मागंच उभा होता.

"माझी पोरगी कुठंय?"

वाल्मिकनं टॉर्चच्या उजेडातून तोंड फिरवलं.

"खड्डा तू खणला हुता, वाल्मिक."

"झोक्याचं खणताना तिच्या हातातली मनगटी वर आली," तो पुटपुटला. "काळे मनी... मी वळखली. ठेकेदार डोक्यावर उभा हुता. मी... माती लोटली परत. चाफा खालीच ऱ्हाऊ दिला."

"आन् रोज गेट उघडायचास? रोज बघायचास मला?"

झोका थांबला.

काका घरी निघाले. हातात रिकामा कॅन. आपल्या जिन्यात तो वाजला.

खुळखुळ...

काका थांबले. आवाज थांबला. एक पायरी चढले.

खुळखुळ...

झाकण काढलं. कॅन तळहातावर पालथा केला. काळ्या मण्यांची मनगटी. ओली. एवढीशी.

वर दार उघडलं. "घातलं का हो पाणी?" काकूंनी विचारलं. "प्यायली माझी पूजा?"

काकांनी मूठ मिटली.

तू सांग ना... तू काय सांगितलं असतंस?