बाराच्या घंटेआधी बुजवलेलं धुराडं

ही गोष्ट घडलेली आहे. ज्या घरात घडली ते आजही उभं आहे आणि त्यात दोन बायका राहतात.

निदान मोजता येतील अशा दोनच.

गाव ग्लेनकरा, आयर्लंडचा पश्चिम किनारा. तारीख दोन नोव्हेंबर. रात्र नव्हती. सकाळचे नऊ वाजले होते.

डिंपनाची आई अट्रॅक्टा न्यूमोनियाने तीन आठवडे इस्पितळात होती. वय चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, घर अठरा अंशांच्या वर राहत असेल तरच म्हातारीला घरी सोडू, नाहीतर वृद्धाश्रमात. दुपारी तीनला नर्स घर तपासायला येणार होती.

चार वर्षांपूर्वी डिंपनाचे वडील फिंटन त्याच वृद्धाश्रमात वारले. शेवटपर्यंत ‘घरी न्या’ म्हणत होते. आईला तिथे पाठवायचं नाही, एवढं डिंपनाने ठरवलं होतं.

अडचण स्वयंपाकघरातल्या जुन्या चुलीची होती. माणूस वाकून आत शिरेल एवढी मोठी, आणि वर धुराडं थेट आभाळात उघडं. हीटर कितीही लावा, ऊब तिथून निघून जायची. धुराड्यात लोकर ठासायची आणि चुलीच्या तोंडावर फळी बसवायची, एवढंच काम होतं. गावचा मिस्त्री मॅलाची फक्त त्याच सकाळी मोकळा होता.

आणि नेमकी तीच सकाळ चुकीची होती.

एक नोव्हेंबरच्या रात्री घरची गेलेली माणसं शेकायला येतात. त्यांच्यासाठी चुलीपुढे खुर्च्या मांडायच्या, राखेखाली निखारे जिवंत ठेवायचे. डिंपनाच्या घरात एक खुर्ची जास्तीची असायची, ज्याचं कुठेच कोणी नाही त्याच्यासाठी. दुसऱ्या दिवशी चर्चची बाराची घंटा होईपर्यंत खुर्च्या हलवायच्या नाहीत, धुराडं अडवायचं नाही. ती माणसं त्याच वाटेने परत जातात.

डिंपनाला हे माहीत होतं. आदल्या संध्याकाळी तिनेच तीन खुर्च्या मांडल्या होत्या.

मॅलाची त्या पाहून दारातच थांबला. मंडळी अजून उठली नाहीत वाटतं, म्हणाला.

“तू सुरू कर,” डिंपना म्हणाली. “त्यांची माफी मी मागते.”

तिने निखारे बादलीत भरून अंगणात नेले आणि वर पाणी ओतलं. तिच्या आठवणीत ती चूल पहिल्यांदाच विझली होती.

मॅलाचीने हात वर घालून लोकर ठासली. एवढी लोकर माझ्या मेंढ्यांच्या अंगावरही नाही, असं कुरकुरत. मग फळी बसवली. कडेने रबराची पट्टी, आठ स्क्रू. गोंद लावला नाही, उन्हाळ्यात काढता यावी म्हणून. साडेदहाला तो गेला.

अकरा वाजता घर सोळा अंशांवर होतं. साडेअकराला एकोणीस.

डिंपना खुश होती. तिने खुर्च्या उचलून मागच्या कोठीत ठेवल्या.

बाराची घंटा झाली.

आणि फळीमागे... खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दगडावर लाकूड घासत जावं तसा. सावकाश.

मग वर काहीतरी चढू लागलं. खरवड... थांबणं... पुन्हा खरवड. लोकरीपर्यंत गेलं असावं. तिथे बराच वेळ काहीच नाही.

मग ते खाली आलं.

डिंपनाने स्वतःला समजावलं, कावळा अडकला असेल. पण तिने स्क्रू काढले नाहीत. तीनला नर्स येणार होती.

नर्स आली. तापमान बावीस. तिने कागदावर सही केली आणि निघताना सहज विचारलं, आत कोण खोकतंय, त्यांचीही छाती तपासून घ्या.

घरात दुसरं कोणी नव्हतं.

चार तारखेला अट्रॅक्टा घरी आली. पाच तारखेला वादळात गावाची वीज गेली, ती दोन दिवस. शेजारी कोट घालून झोपले.

डिंपनाच्या स्वयंपाकघरात काटा बावीसवरून हलला नाही.

हीटर बंद होते... फळीला हात लावला तर ती कोमट होती. गुराच्या अंगासारखी.

डिंपना तिथेच खाली बसून रडली. तिने आईला सगळं सांगितलं. घंटेआधी वाट अडवली. डॅडी आत अडकलेत, खोकताहेत. त्यांना आपण आधी वृद्धाश्रमात कोंडलं, आता इथे.

अट्रॅक्टा शालीत हात गुंडाळून ऐकत होती.

“अगं, तुझा बाप जन्मात कधी खोकला नाही,” ती म्हणाली. “हा तो नव्हे.”

“मग कोण आहे, मम्मी?”

“मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. घर उबदार आहे ना? मग राहू दे त्याला.”

फळी काढली तर घर पुन्हा गार पडणार, आणि मम्मी वृद्धाश्रमात जाणार. डिंपनाने आठवडाभर दम धरला. पण चुलीकडे पाठ करून भांडी घासणं तिला जमेना. फळीमागे आता श्वासही ऐकू यायचा, तिच्या श्वासाबरोबर चालणारा. ती थांबली की तोही थांबायचा.

तेरा तारखेच्या दुपारी आई झोपलेली असताना तिने पेचकस घेतला. ठरवलं, जे व्हायचं ते होवो.

आठही स्क्रू निघाले. तिने ते ओट्यावर ओळीने ठेवले.

फळी पडली नाही.

तिने कडेला बोटं घालून ओढलं. फळी सूतभर हलली... आणि परत आत खेचली गेली.

आतून कोणीतरी धरली होती.

तिने पुन्हा ओढलं नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. अट्रॅक्टाला एकदाही सर्दी झाली नाही. डिंपना घर सोडून एक रात्रही कुठे गेलेली नाही. आईला त्याच्याजवळ एकटं ठेवायला तिचं मन धजत नाही.

स्क्रू ओट्यावरच्या कपात आहेत. आठही.

फळी अजून जागची हललेली नाही.