शेवटच्या स्वाराच्या मागे

बटाट्याच्या शेताच्या फाटकाशी एक माणूस एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातात फाटक धरून उभा होता. बाकीची शर्यत त्याला सोडून केव्हाच पुढे गेली होती.

तिनं ब्रेक दाबला. "काय झालं? पंक्चर?"

"नाही हो. मी फाटक उघडलं. मागून एकजण आला, म्हटलं जाऊ दे त्याला. त्याच्यामागून दुसरा आला... मग सगळेच आले." तो ओशाळून हसला. "पण थँक्यू मात्र प्रत्येकजण म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"मी उभाच. या ना, तुम्हीही जा पुढे."

"मला नाही जाता येत. मी शेपूट आहे."

शेपूट हे नाव भाऊजींनी ठेवलं होतं. तिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान दर वर्षी शेतांमधून, बांधांवरून, ओढ्यांतून जाणारी दिवसभराची सायकल शर्यत भरवायचे. या वर्षी शर्यतीच्या शेवटाला राहायचं काम मेहुणीच्या गळ्यात पडलं होतं. शेवटच्या स्वाराच्या मागे राहायचं, वाटेतल्या बाणांच्या पाट्या काढायच्या, गुरं बाहेर पडू नयेत म्हणून फाटकं लावायची. स्वाराला मदत करायची नाही, त्याच्या पुढे जायचं नाही. आणि तीनच्या आत तो कालव्याच्या पुलावर पोचला नाही, तर आपल्या हातानं त्याचा नंबर काढून त्याला जीपमध्ये बसवायचं. एरवी ती डेअरीत दूध तपासायची. तिथं नापास करायला तिला कधी जड गेलं नव्हतं.

"म्हणजे आज माझा निकाल तुमच्या हातात," तो सायकलवर बसत म्हणाला.

"निकाल घड्याळाच्या हातात. मी नुसती मागे."

तो चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. हे त्यानं पहिल्या चढावर सांगितलं, आणि दुसऱ्या चढावर, सायकल हातात धरून चालताना, हेही सांगितलं की तिला लांबचं कमी दिसतं.

"तुम्हाला काय माहीत?"

"पाटी वाचताना डोळे बारीक करता. छान दिसता तशा, पण नंबर तपासून घ्या."

 पुढची पाटी मात्र तिनं डोळे बारीक न करता वाचायचा प्रयत्न केला, आणि ती चुकीच्या वळणाला लागली. तो मागे वळून इतका हसला की पडता पडता वाचला.

मक्याच्या शेतात पाण्याचे फवारे फिरत होते. फवारा पलीकडे वळला की सटकायचं असा त्यांनी बेत केला आणि दोघंही नेमके मधोमध सापडले. तो नखशिखांत भिजला. चष्म्यावर थेंबच थेंब... तो पुसायलाही सुका कपडा कुठे राहिला नव्हता. तिच्या पाट्यांच्या पिशवीत एक कोरडा रुमाल होता. मदत करायची नाही, हा नियम तिला आठवला. रुमाल म्हणजे काही मदत नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

"तुम्ही दुधातलं पाणी ओळखता," रुमाल परत देताना तो म्हणाला. डेअरीचं तिनं त्याला वाटेत सांगितलं होतं. "माझं पाणी जोखलंत का?"

"अजून नमुना तपासतेय."

तिच्या गालांना ऊन लागलं होतं, किंवा दुसरं काही झालं असेल. पण त्याचं पुढचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. याआधी दोनदा त्याला पुलावरूनच परत पाठवलं होतं.

"शर्यतीचं सोडा, मी कशाच्याच शेवटाला पोचलेलो नाही," तो म्हणाला. "कॉलेज अर्धवट राहिलं. लग्न ठरलं होतं, तिला दुसरा कुणी आवडला. मी म्हटलं, जा. आई म्हणते, तुझा जन्म दुसऱ्यांना वाट द्यायलाच झालाय." त्यानं चष्मा नाकावर वर सारला. "एकदा... एकदा तरी शेवटच्या रेषेपर्यंत जायचंय. पहिला नको. नुसतं पोचायचंय."

आता या माणसाचा नंबर आपल्याला काढायला लागू नये, असं तिला मनापासून वाटलं.

गव्हाच्या बांधावर त्यांना काका दिसले. काका म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, दर वर्षी भाग घेणारे. बांधाच्या मधोमध, गाणं गुणगुणत, रमतगमत सायकल चालवत होते. चष्मेवाला त्यांच्या मागे राहिला. बांध अरुंद होता, ते एक झालं. पण बांध संपून रस्ता रुंद झाला तरी तो मागेच.

"घंटी वाजवा," ती म्हणाली. "काका देतील वाट."

"राहू दे. मग काका शेवटचे होतील."

"त्यांना काही वाटत नाही. पावणेतीन होत आलेत. असेच चाललात तर पूल गेला."

त्यानं मान वळवून पाहिलं. "मी पुढे गेलो तर तुम्ही कुणाच्या मागे याल?"

"काकांच्या. नियमच आहे."

"मग मी कशाला जाऊ?"

तिला ते गोड वाटलं आणि लगेच रागही आला. सकाळपासून कुणी तिच्याशी इतकं छान बोललं नव्हतं. खरं तर कित्येक महिन्यांत बोललं नव्हतं. गप्प बसली असती तर पुलापर्यंत तो तिचाच होता. पुढे जीपमध्येसुद्धा शेजारीच बसला असता.

"ऐका," ती म्हणाली. "आज माझ्यासाठी थांबाल. उद्या त्याच थांबण्याचं तुम्हाला वाईट वाटेल, आणि ते मला बघवणार नाही. माझ्यामुळे अडलेला माणूस मला नको. जा तुम्ही."

तो क्षणभर तसाच पेडल मारत राहिला. मग त्यानं घंटी वाजवली, अगदी हळू, काकांची माफी मागितल्यासारखी. काका बाजूला झाले. तो गेला. वळणावर एकदा त्याचं हेल्मेट दिसलं, मग नुसता मका.

"गेला का?" काकांनी विचारलं.

"गेला."

"बरं झालं. मग तुझं तोंड का उतरलंय?"

पुलावर पंचानं सांगितलं, चष्मेवाला वेळेत पार झाला. तीनला अजून थोडा अवकाश होता, काकाही सहज पार झाले असते. पण काका उतरले, सायकल कठड्याला टेकवली आणि आपला नंबर सोडवून तिच्या हातात दिला.

"काका, वेळ आहे अजून."

"वेळ आहे, गुडघे नाहीत. जीपमध्ये चहा असतो, मला ठाऊक आहे." त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "आता सांग, मी बाद झाल्यावर शेवटचा कोण राहिला?"

तिची नजर पुलापलीकडच्या वाटेवर गेली.

"एवढं सोपं गणित," काका म्हणाले. "पळ."

मग ती जी निघाली! पुलापुढच्या पाट्या काढायचं काम जीपवाल्यांच्या गळ्यात घातलं आणि जीव खाऊन पेडल मारू लागली. धाप लागली, डोळ्यांत घाम गेला, गुडघ्याला काटेरी कुंपण ओरबाडून गेलं. शेवटच्या चढावर, सूर्यफुलांच्या मधल्या वाटेवर, तो दिसला. उभा राहून पेडल मारत होता. मागे वळून बघत नव्हता.

हाक तिच्या अगदी ओठांवर आली. पण हाक ऐकली की तो थांबणार, हे तिला पुरतं माहीत होतं, आणि शेवटची रेषा बंद करायची वेळ जवळ आली होती. ती ओठ घट्ट मिटून, श्वासाचा आवाजही होऊ न देता, त्याच्या मागे राहिली.

त्यानं रेषा ओलांडली. मोजकी माणसं उरली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तो सायकलवरून उतरला, वळला... आणि त्याला ती दिसली.

"तुम्ही? केव्हापासून मागे आहात?"

"चढापासून."

"हाक का नाही मारलीत?"

"थांबला असतात."

 चष्मा काढून त्यानं डोळे पुसले, परत घातला.

"हो," तो म्हणाला. "थांबलो असतो."

"मला तुम्हाला एक—" तिनं सुरुवात केली.

"नाही. आज आधी मी." त्याचा आवाज धापेनं तुटत होता. "मला तुम्ही आवडता. हे बोलायला मी कुणालाही पुढे जाऊ देणार नव्हतो. तुम्हालासुद्धा नाही."

"मलाही," ती म्हणाली, आणि समोर भाऊजी बघत असतानाच तिनं त्याचा चिखलानं माखलेला हात धरला.