सुई टोचलेले उंदीर का पडले?

सुई टोचलेले सहाही उंदीर फिरत्या दांड्यावरून धपाधप खाली पडले आणि न टोचलेले सहा ऐटीत चालत राहिले. आप्पांचा चेहरा पार उतरला.

सन २०५१. सांगलीच्या प्रयोगशाळेत आप्पा बहिरेपणावरचं औषध तयार करत होते. ते द्यायचं अंतर्कर्णात (कानाच्या सगळ्यात आतल्या भागात), बारीक सुईनं. त्यांच्या नातीला, दहा वर्षांच्या शाल्मलीला, दरवर्षी थोडं कमी ऐकू येत होतं. तिचे डोळे या औषधाकडेच लागले होते.

“पण आप्पा, सुईत तर नुसतं मिठाचं पाणी होतं!”

“मुद्दामच. औषध राहू दे, आधी सुईच इजा करते का, ते बघायचं. ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या तीन नळ्या अगदी खेटून असतात. म्हणून दोन्ही तपासायचं. ऐकण्यात सगळे पास झाले गं, पण तोलात टोचलेले साफ नापास. आता हा मार्ग सोडावा लागणार.”

तेवढ्यात यंत्रमानव टिपणीस म्हणाला, “टोचलेल्यांचं वजन सरासरी नऊ ग्रॅम जास्त आहे.”

“आधी का नाही बोललास?”

“मला फक्त कान आणि तोल विचारले होते.”

आप्पांची नजर नातीकडे गेली. फ्रॉकच्या खिशाला तुपाचा हा मोठा डाग!

“आपल्याकडे सुई टोचली की खाऊ देतात ना?” ती रडवेली झाली. “म्हणून मी त्यांना रोज बेसनाचा लाडू द्यायचे. बाकीच्यांना कशाला? त्यांना कुठे दुखलं होतं?”

आप्पा रागावणार होते, पण त्यांना हसूच फुटलं. “अगं, न टोचलेले म्हणजे आपला तुल्यगट (तुलनेसाठी ठेवलेला गट). दोन्ही गटांत फरक फक्त सुईचा हवा. तू लाडवाचाही घातलास! जड झालेला उंदीरही दांड्यावरून लवकर पडतो. आता ते सुईनं पडले की लाडवानं, कसं कळणार?”

“मग दोघांनाही देऊ?”

“कुणालाही नको!”

नवे बारा उंदीर आले. महिन्यानं तपासणी झाली. ऐकणं सारखं, वजन सारखं, आणि दांड्यावर दोन्ही गट सारखेच टिकले. शाल्मली टाळ्या पिटत नाचली.

“आप्पा, उद्या माझी पाळी?”

“उद्या कुठली! आता औषध घालून हेच पुन्हा. मग मोठी माणसं, मग मुलं. काही वर्षं तरी जातील.”

शाल्मली क्षणभर हिरमुसली. मग तिनं स्वतःच्या दोन्ही कानांना हात लावून पाहिला.

“चालेल. पण नीट तपासा हं, आप्पा. कान माझे आहेत.”