ओळखदार

उदगीर सोडतानाच केतकी बिडवईने हिशेब मांडला होता, आणि तो चांगला तिच्या बाजूचा निघाला होता. नाशिकच्या द्राक्षांच्या शीतगृहात प्रतवारीची प्रमुख म्हणून नोकरी. शीतगृहाला लागूनच म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसघर, म्हणजे ती कामावर असताना वडिलांकडे, अप्पांकडे, बघायला कुणीतरी. उदगीरपेक्षा बरी हवा. शिवाय, ज्या नातेवाइकांनी तिच्या घटस्फोटावर वर्षानुवर्षं चहा ढोसला होता, त्यांच्यापासून भरपूर अंतर. देण्याच्या बाजूला तिने टेम्पोचं भाडं तेवढं धरलं होतं. बँक धरली नव्हती. गाव बदलताना बँक कोण धरतं?

पण नकली चेहऱ्यांच्या लाटेनंतर दिवस बदलले होते. त्या काळात यंत्रांनी लोकांचे चेहरे, आवाज, बोटांचे ठसे इतके हुबेहूब उभे केले, की माणसं घरी वरणभात जेवत असताना त्यांच्या प्रतिमा बँकेत जाऊन खाती धुऊन आल्या. मग सरकारने एक जुनी रीत परत आणली. पूर्वी खातं उघडताना एखादा खातेदार 'मी यांना ओळखतो' म्हणून सही करायचा. तो ओळखदार. आता सहीवर कुणाचा भरवसा उरला नव्हता, म्हणून सहीच्या जागी मेंदू आला. ओळखीचा चेहरा दिसला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत एक लहर उठते. ती दाबता येत नाही आणि खोटी आणता येत नाही. कपाळाला पट्टी बांधून ही लहर टिपणाऱ्या यंत्राला ओळखमापक म्हणत. गाव सोडलं की जुनं खातं गोठायचं, आणि नव्या गावात तुम्हाला ओळखणारं जिवंत माणूस मिळेपर्यंत गोठलेलंच राहायचं.

"शनिवारी पगारपत्रक बंद होतं, मॅडम," शीतगृहाचे व्यवस्थापक कोशिरे म्हणाले होते. "स्थानिक खातं नसेल तर नेमणूक रद्द. आणि नेमणूक रद्द म्हणजे दिवसघरातली जागाही गेली. माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला माझीच बँक दिली असती."

"बँक नको, ओळख द्या."

"ती असती तर दिली असती की. आपण तर आजच भेटलो."

नाशिकमध्ये नाव घेण्यासारख्या दोन बँका होत्या. तपोनिधी नागरी बँकेला रक्ताचं नातं नसलेला एक शेजारी चालत होता. हे कळताच केतकी कामाला लागली. समोरच्या दारातल्या शौचेकाकूंना तिने पहिल्या दिवशी शेंगदाण्याची चटणी पाठवली. दुसऱ्या दिवशी धपाटे. मग हुरड्याचं थालीपीठ. डबा रिकामा परत करायची काकूंना लाज वाटे, म्हणून त्यातून कधी चिवडा यायचा, कधी आवळ्याची सुपारी. त्या डब्याने दोन दारांमध्ये इतक्या फेऱ्या मारल्या, की आता ओळख पक्की झाली असं केतकीने गृहीत धरलं. त्यामुळे बुधवारी काकू तिच्याबरोबर बँकेत निघाल्या त्या अगदी लग्नाला निघाल्यासारख्या, मोत्यांच्या कुड्या घालून.

कुलथे नावाच्या अधिकाऱ्याने काकूंच्या कपाळाला पट्टी बांधली. पडद्यावर अनोळखी चेहरे सरकू लागले आणि मधूनच केतकीचा आला. लहरीची रेष सरळच राहिली. पुन्हा आला. सरळ.

"मी ओळखते हो हिला," काकू म्हणाल्या. "कशी नाही ओळखत? समोरच राहते. स्वभावाने लाख."

"काकू, तोंडाने ओळखून भागत नाही."

केतकीला वाटलं, वातावरण जरा सैल करावं. तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि कुलथ्यांपुढे धरला. "धपाटं घ्या ना, साहेब. सकाळीच केलीत."

काकूंनी डब्याकडे पाहिलं आणि रेष अशी उसळली, की कुलथे खुर्चीत मागे सरकले. ते आधी पडद्याकडे, मग डब्याकडे बघत राहिले.

"बाई, खातं डब्याच्या नावाने उघडता आलं असतं, तर मी आत्ता उघडून दिलं असतं," ते म्हणाले. धपाटं मात्र त्यांनी घेतलं.

काकूंनी रिक्षात मोत्यांच्या कुड्या काढून रुमालात बांधल्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "दार उघडलं की पहिलं लक्ष हातातल्या डब्याकडेच जातं गं. मान वर करून पाहिलंच नाही मी कधी. राग धरू नकोस."

राग धरायला केतकीकडे वेळ नव्हता. राहिली अष्टगंध बँक.

अष्टगंधला रक्ताचं माणूस चालत होतं. या शहरात केतकीच्या रक्ताचं एकच माणूस होतं, अप्पा. काशिनाथअप्पांना आता बरंच आठवत नसे. बायको वारली हे त्यांना महिन्यातून दोनदा नव्याने कळायचं. नाशिकला ते उदगीरच समजत. पण जिन्यावर केतकीची पावलं वाजली, की ते उशाखालच्या पुडीतून शेंगदाण्याची चिक्की काढायचे, मोडायचे आणि दार उघडताच म्हणायचे, "मोठा तुकडा तुझा." ती शाळेत जायला लागली तेव्हापासून ही वाटणी चालत आली होती, आणि तिच्यात एकदाही चूक झाली नव्हती.

शुक्रवारी अष्टगंधच्या गायधनी मॅडमनी अप्पांना पट्टी बांधली. केतकीचा चेहरा आला तेव्हा रेष हलली, पण थकल्यासारखी, अर्ध्यावरूनच खाली आली.

"ओळख आहे," गायधनी म्हणाल्या. "पण नियमात बसेल इतकी उंच नाही. वयामुळे होतं असं. आमच्याकडे उजाळ्याची सोय आहे."

"म्हणजे?"

"पट्टीतून अगदी सौम्य वीज सोडतो. दबलेली आठवण वर येते, लहर पूर्ण उठते. पण एक सांगायला हवं. वर आलेली आठवण मऊ असते, ओल्या मातीसारखी. ती परत घट्ट व्हायला काही तास लागतात. साधारणपणे होते घट्ट."

"आणि असाधारणपणे?"

गायधनींनी चष्मा काढून पुसला. त्या वाईट नव्हत्या. त्यांना मुद्दाम वाईट ठरवून केतकीचा हिशेब सोपा झाला नसता. "इतक्या वयाच्या माणसांवर तपासणीच झालेली नाही, बाई. तो आकडा आमच्याकडे नाही. मी तुमच्या जागी असते तर... पण मी तुमच्या जागी नाही."

उजाळा. पितळेचं भांडं चिंचेने घासलं की चकाकतं, पण थोडं पितळ चिंचेबरोबर मोरीत जातंच, हे केतकीला माहीत होतं. तिने दुसरी बाजू मांडून पाहिली. परत जावं, तर उदगीरचं घर सोडलेलं. अप्पांचं खातं तिच्याशी जोडलेलं, तेही गोठलेलं. दिवसघर नाही म्हणजे अप्पांना खोलीत कोंडून काम शोधत हिंडायचं, आणि काम मिळालं तरी पगार घ्यायला खातं नाहीच. आणि अप्पांची आठवण तरी कुठे टिकणार होती? दर हिवाळ्याला थोडी कमी होतच होती. वाया जायच्या आधी तिच्यातली थोडी वापरली, तर त्यात चूक काय? हिशेबाची ही शेवटची ओळ तिने मनात दोनदा वाचली. दोन्ही वेळा ती बरोबरच निघाली, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

ती खुर्चीपाशी वाकली. "अप्पा, डोक्याला जरा मुंग्या येतील. पुढे काय होईल ते नक्की सांगता येत नाही."

"तुझं काम होतंय ना?"

"हो."

"मग विचारतीस कशाला? कर म्हणावं लवकर. घरी जाऊ."

यंत्र घुमलं. पडद्यावर केतकीचा चेहरा आला आणि रेष वर गेली, चौकटीच्या पार टोकापर्यंत. अप्पांचे डोळे भरून आले. ते स्पष्ट, तरुण आवाजात म्हणाले, "केतू, रिबीन सुटलीय बघ तुझी." केतकीचा हात आपोआप केसांकडे गेला. तिथे रिबीन नसून बरीच वर्षं झाली होती.

खातं उघडलं. गायधनींनी तिचा हात हातात घेतला, पण अभिनंदन काही केलं नाही. घरी येताना अप्पा रिक्षात झोपले. तिने त्यांना अंथरुणावर निजवलं, कोशिऱ्यांना खात्याचा क्रमांक कळवला आणि भाजी आणायला खाली उतरली.

दिवे लागायच्या सुमाराला ती जिना चढत होती. मुद्दाम पाय आपटत चढली. दार लोटलं. अप्पा उठून बसले होते आणि पुडी उघडी होती. तिचा जीव भांड्यात पडला.

अप्पांनी वर पाहिलं आणि घाईघाईने धोतर सारखं केलं. "या, बसा," ते म्हणाले. "कुणाकडे आलात?"

केतकी हातातल्या पिशवीसकट उभीच राहिली. "अप्पा, मी."

"बसा हो. पाहुण्या माणसाने दारात उभं राहू नये." त्यांनी चिक्की मोडली. लहान तुकडा तळहातावर ठेवून अदबीने तिच्यापुढे धरला. मोठा परत कागदात गुंडाळला, उशाखाली सरकवला आणि उशीवर हात ठेवला, जणू ही बाई तो मागेल.

"तो कुणाचा?" तिने विचारलं.

"माझ्या लेकीचा. बँकेत गेलीय. एकटीच आहे, काळजी वाटते. यायला हवी होती एव्हाना." ते दाराकडे बघत राहिले. "तुम्हाला वाटेत कुठं दिसली का?"

शनिवारी पगारपत्रकात केतकीचं नाव चढलं. शीतगृहाला माणूस मिळालं, अष्टगंधला खातेदार मिळाला, दिवसघरातली जागा पक्की झाली. कुलथ्यांना एक धपाटं मिळालं होतं. या सगळ्याची किंमत उशीवर हात ठेवून दाराकडे बघत बसली होती. मोठा तुकडा अजून उशाखाली होता, आणि तो घ्यायचा तर केतकीला पुन्हा एकदा ओळखदार लागणार होता. आता तो कुठून आणायचा?